बिनमानाची वाट

दुकानाचं शटर वर जायच्या आधीच बनाबाई पायरीवर येऊन बसली होती. एका बाजूला दोडक्यांची पिशवी, मांडीवर नकाशाची गुंडाळी, आणि चेहऱ्यावर असा भाव, की माझ्यासकट शटर लावलंत तरी मी हलायची नाही.

अनितानं स्कूटर स्टँडला लावली. काटेवाडीहून बारामतीत येता येता तिनं आजच्या दिवसाची मनाशी छान घडी घातली होती. मालक नाहीत, काम थोडं, दुपारी डबा खाऊन जरा टेबलावर डोकं टेकायचं. त्या घडीवर बनाबाई बसली होती.

"तुमीच का नकाशाच्या मॅडम?"

"मालक कुंडलिकराव आहेत. ते अकलूजला लग्नाला गेलेत. उद्या या."

"उद्या काय करू यिऊन? सभा आज हाय. तीन वाजता." बनाबाईनं गुंडाळी पुढं केली. "हितं माझी वाट काढायची ऱ्हायलीय. तेवढी काढा, मी जाते. घटकाभराचं काम."

घटकाभराचं काम! हे दोन शब्द ऐकले की अनिताच्या कपाळाची शीर उडायला लागे. नकाशाच्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस घटकाभराचंच काम घेऊन येतो आणि अख्खा दिवस खाऊन जातो.

बनाबाई आली होती वाघजाईवाडीहून. इंदापूर ओलांडून नरसिंहपूरच्या रस्त्याला लागलं, की नीरेच्या अंगाला हे गाव. गावच्या रानाचा नकाशा कुंडलिकरावांनी केलेला, गेल्याच आठवड्यात पोच झालेला. आज ग्रामसभेत तो भिंतीला लावायचा आणि कुठल्या पाणंदी, म्हणजे शेतांमधल्या वाटा, मोकळ्या करून त्यांवर मुरूम टाकायचा ते ठरवायचं. सरपंचबाईंनी दवंडीसारखं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, नकाशात दिसेल त्या वाटेवर बोलू. न दिसणाऱ्या वाटेवरून माझं डोकं उठवायचं नाही. बनाबाईचं रान पाणंदीच्या पार शेवटाला. दोडका, कारली, ढोबळी मिरची. माल सोन्यासारखा, पण टेंपो उभा राहायचा डांबरी सडकेला, आणि तिथवर क्रेट यायचा तिच्या डोक्यावरून, उसातून वाट काढत.

"दोन्ही अंगानं ऊस सरकलाय," ती म्हणाली. "डावीकडनं भावकीच्या थोरल्या पातीचा, उजवीकडनं धाकट्या पातीचा. दर सालाला एकेक सरी. ह्या वाटंनं माझी वरातीची बैलगाडी आली हुती, मॅडम. आता मी एकटी जाते तर वाकून जावं लागतंय. पाल्यानं तोंड बगा कसं चिरलंय."

अनितानं बघितलं. गालावर, कपाळावर बारीक लाल रेघा होत्या, कुणी टाचणीनं ओढाव्यात तशा. तिनं पंखा लावला, उदबत्ती लावली आणि कॉम्प्युटर चालू केला.

हा कॉम्प्युटर म्हणजे दुकानातला सगळ्यात म्हातारा गडी. उठायला वेळ, बसायला वेळ, आणि जरा चढाचं काम सांगितलं की धाप लागून घरघरायचा. वाघजाईवाडीची फाईल उघडताना तो एवढा घरघरला, की बनाबाईनं काळजीनं विचारलं, "आजारी हाय का?"

"तो नाही, मी होणार आहे," अनिता म्हणाली.

नकाशा उलगडायला लागला. कॉम्प्युटरवरचा नकाशा काही एक सलग चित्र नसतं. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तसे त्याचे थर असतात. दुकानात त्यांना लेयर म्हणत. एका लेयरवर पाण्याच्या चाऱ्या, एकावर विहिरी, एकावर वाटा, एकावर वावरं. कॉम्प्युटर रंगवत येतो तो तळापासून. तळाचं आधी, त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. आणि जे शेवटी रंगतं ते सगळ्यांच्या डोक्यावर बसतं. नवीन यंत्र हा सगळा खेळ पापणी लवायच्या आत उरकतं. हा म्हातारा मात्र देवघर मांडल्यासारखा एकेक थर सावकाश मांडायचा. आधी मातकट जमीन आली. मग डांबरी सडकेपासून निघालेली, दोन वळणं घेऊन विहिरीपाशी थांबलेली एक बारीक तपकिरी रेघ उमटली.

"दिसली!" बनाबाई स्टुलावरून उठलीच. "ती काय, माझी वाट!"

तेवढ्यात वरून निळ्या चाऱ्या आल्या आणि हिरवा रंग उतरला. आधी एक हिरवा, त्याच्यावर दुसरा पोपटी. रेघ जिथं होती तिथं ऊसच ऊस झाला.

"गेली," बनाबाई म्हणाली आणि खाली बसली. मग लहान मुलानं मागावं तसं, "पुन्यांदा दावा की."

अनितानं माउसचं चाक जरासं फिरवलं. नकाशा इंचभर हलला तरी यंत्र सगळं पुसून पहिल्यापासून रंगवतं. पुन्हा जमीन, पुन्हा ती रेघ, एक श्वास घेईपर्यंतच. पुन्हा ऊस.

"आमच्या रानात बी असंच झालं बगा," बनाबाई म्हणाली. "फक्त हितं लवकर हुतंय."

अनितानं डाव्या बाजूला लेयरची उतरंड उघडली आणि कपाळाला हात लावला. सगळ्यात वर 'थोरली पाती'. त्याच्या खाली 'धाकटी पाती'. मग इतर घरांची वावरं. मग विहिरी, चाऱ्या, आणि पार तळाला, जमिनीच्या तेवढ्या वर, 'वाटा'. हे काम शिकायला आलेलं पोरसुद्धा पहिल्या दिवशी शिकतं, की पसरट रंग खाली आणि बारीक रेघा वर. नाहीतर रेघा बुडणारच.

आणि मग तिला तो नारळ आठवला.

त्याचं असं झालं होतं. कुंडलिकराव मोजायला गेले त्याच दिवशी वाघजाईवाडीत तंटा लागला, नकाशात आधी कोण? यात्रेत वाघजाईला पहिला नैवेद्य थोरल्या पातीचा, दुसरा धाकट्या पातीचा, मग बाकीच्यांचे. तोच क्रम नकाशातही पाहिजे, म्हणून दोन्हीकडची माणसं हटून बसली. कुंडलिकरावांना भांडणाचं वावडं. त्यांनी काय करावं? एका लेयरवर सगळी वावरं काढायची सोडून प्रत्येक पातीचा लेयर वेगळा केला आणि नैवेद्याच्या क्रमानं वरून खाली लावला. शिवाय बांध दाखवायला सरकारी मोजणी नको, आपापला माणूस हातात फोन घेऊन आपल्या रानाला फेरी मारेल, त्या फेरीची रेघ नकाशात येईल, असं ठरलं. थोरल्या पातीकडून रणजितराव फिरले, धाकट्या पातीकडून झुंबरतात्या. मग दोघं मिळून दुकानात आले, क्रम बघितला, आणि शब्द पक्का व्हावा म्हणून नारळ काढला. तात्या तो यूपीएसच्या डोक्यावरच फोडणार होते. अनितानंच घाईघाईनं पायरी दाखवली. खोबरं तिनंही खाल्लं होतं.

पण वाटेचा विचार कुणी केलाच नाही. वाटेला पाती नाही, वाटेचा नैवेद्य नाही. मग ती बसणार कुठं? तळाला.

"मावशी," अनिता म्हणाली, "वाघजाईची पूजा कशी बांधतात? आधी शेंदूर, त्यावर साडी, त्यावर हार. बाहेरून दिसतो तो हार. तसंच हे. तुमची वाट शेंदराच्या जागी गेलीय."

"आन् साडी नेसवली ती थोरल्या पातीनं."

"हां. दोन दोन."

"मग सोड की ग जरा," बनाबाई एकदम मॅडमवरून पोरीवर आली. "पोरी, घटकाभराचं तर काम."

अनितानं 'वाटा'चा लेयर माउसनं उचलला आणि ओढत ओढत सगळ्यांच्या वर नेऊन सोडला. म्हातारा घरघरला, रंगवत रंगवत वर आला, आणि शेवटी तपकिरी रेघ उसाच्या छातीवरून ठसठशीत उमटली. या खेपेला ती गेली नाही. बनाबाईनं काचेला हात लावून तो कपाळाला लावला.

अनितानं प्लॉटरला कागद घातला. प्लॉटर म्हणजे मोठा नकाशा छापायचं यंत्र. त्याचा आवाज शेवया पाडायच्या यंत्रासारखा. कागद सरकत सरकत बाहेर आला. दोघी वाकल्या.

वाट नव्हती.

पडद्यावर होती, कागदावर नव्हती. अनितानं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. काही रेघा नकाशा बारीक केला की आपोआप लपतात, तशी सोय असते. म्हणून तिनं ती सोय काढून टाकली आणि दुसरा कागद घातला. वाट नाही. रेघ गडद केली, तिसरा कागद. नाही. प्लॉटरला शिव्या घातल्या, बंद करून चालू केला. चौथा कागद अर्ध्यात अडकला आणि चुरगाळून बाहेर आला.

तोवर गल्लीत ऊन आलं होतं. झेरॉक्सवाला एक जण डोकावून "मॅडम, आधारच्या दोन" म्हणाला, आणि अनितानं त्याच्याकडं असं बघितलं, की तो पुढच्या दुकानात गेला. बनाबाई मात्र शांत. ती चुरगाळलेला कागद मांडीवर सपाट करत होती आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती. जात्यावरच्या चालीत, पण जातं नसताना.

*वाट माझी साधी भोळी, तिला न्हाय कुणी वाली*
*दोन उसांच्या मधनं, अंग चोरूनिया गेली*

"मावशी, गाणं नका म्हणू, माझं डोकं फिरलंय."

"तुला न्हाय म्हणत. वाटंला म्हणते."

आणि मग अनिताला ते सापडलं. कागदासाठीची चौकट या सॉफ्टवेअरात वेगळी असते. पडद्यावर तुम्ही काहीही उलथापालथ करा, कागदाच्या चौकटीत एक बारीकशी खूण केलेली असेल तर तिथला लेयरचा क्रम जसाच्या तसा गोठून राहतो. ती खूण केलेली होती. क्रमाला कुलूप. कुणी घातलं, हे विचारायची गरजच नव्हती. तरी तिनं फोन लावला.

पलीकडून बँडचा आवाज आधी आला, कुंडलिकराव नंतर.

"अनिता, कुलूप काढायचं नाही."

"सर, बाईंची वाट बुडलीय. एक लेयर वर घ्यायचाय फक्त."

"कुणाच्या वर?"

"सगळ्यांच्या."

"म्हणजे थोरल्या पातीच्या वर?" बँड थांबला, का कुंडलिकरावांनीच थांबवला, कोण जाणे. "तुला नारळ आठवतोय ना? त्या क्रमावर नारळ फुटलाय. एक लेयर इकडचा तिकडं झाला तर दोन्ही पाती दुकानावर येतील, आणि या खेपेला पायरी दाखवायला तू असशील, मी नसेन. क्रमाला हात लावायचा नाही. समजलं?"

"मग बाईंनी काय करायचं?"

"अगं, वरात निघाली इथं!" असं म्हणून त्यांनी ठेवला.

अनितानं फोन टेबलावर आपटला नाही, एवढंच. हे लोक! बांधावरून भांडतात, नैवेद्यावरून भांडतात, आणि आता चित्रात कुणाचा रंग कुणाच्या रंगावर, यावरूनही. आणि आपला मालक त्यांच्या भांडणाला कुलूप घालून लग्नात जेवतोय. तिला वाटलं, हा सगळा हिरवा रंगच पुसून टाकावा, गावाला म्हणावं, घ्या, तुमचं गाव मोकळं झालं.

पुसता येणार नव्हतं. पण रागाच्या भरात तिचा हात रंगाच्या पट्टीवर गेला. कुंडलिकरावांनी कुलूप घातलं होतं ते क्रमाला; रंगाला घालायचं दुसरं कुलूप असतं, ते घालायचं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं थोरल्या पातीचा पोपटी रंग निम्मा विरळ केला. धाकट्या पातीचा हिरवाही निम्मा विरळ केला. साडी उतरवायची नाही, पण जुनेर झाल्यावर तिच्यातून पलीकडचं दिसतं ना, तसं. क्रम तोच. नारळ शाबूत. आणि कदाचित खालची रेघ वर झिरपेल.

"हा शेवटचा कागद," ती प्लॉटरला म्हणाली. कागद खरंच शेवटचा होता.

नकाशा आला. रान फिकट झालं होतं, श्रावणातल्या कोवळ्या गवतासारखं. तपकिरी रेघ नीट बघितली तर दिसत होती, केसाएवढी. पण तिच्यावर, नेमक्या त्याच जागी, एक गडद हिरवा पट्टा उमटला होता. शेवाळ धरावं तसा.

"आता हा काय डाग!" अनिता जवळजवळ रडकुंडीला आली. "शाई फुटली वाटतं. मावशी, मला माफ करा, माझ्याच्यानं होत नाही हे."

बनाबाईनं घड्याळाकडं बघितलं. "इंदापूरची गाडी लागली आसंल. डागासकट घिऊ. तू चल माझ्यासंगं."

"मी? मी कशाला?"

"मी काय सांगणार त्यांस्नी? रेघ केसाएवढी हाय, म्हणून? तूच दाव."

घटकाभराचं काम एसटीत बसून इंदापूरला निघालं. अनितानं शटर ओढलं, डबा पिशवीत टाकला आणि मनातल्या मनात कुंडलिकरावांच्या सगळ्या गोतावळ्याचा उद्धार केला.

गाडीत खिडकीपाशी बनाबाई, शेजारी अनिता, आणि दोघींच्या मांडीवर आडवी गुंडाळी. बाहेर ऊसच ऊस. इंदापूरच्या स्टँडवर उतरून वडापच्या, भरली की निघणाऱ्या, जीपची वाट बघत उभ्या राहिल्यावर अनितानं पुन्हा एकदा नकाशा उलगडला. डागाचा राग तिच्या डोक्यातून जात नव्हता. बघता बघता ती थबकली. शाई फुटली तर ती फुगते, पसरते, कुठंही जाते. हा डाग सडकेपासून निघाला होता. दोन वळणं घेत होता. सगळीकडं रुंदी सारखीच. आणि बनाबाईच्या विहिरीपाशी नेमका थांबत होता.

"मावशी," ती सावकाश म्हणाली, "हा डाग नाही."

"मग?"

"रणजितरावांनी फेरी मारली ती वाट आपल्या पोटात घेऊन. झुंबरतात्यांनीही मारली ती वाट आपल्याच पोटात घेऊन. दोघांचे रंग दाट होते तोवर वरचा खालच्याला झाकत होता, म्हणून कुणाला कळलं नाही. आता दोन्ही विरळ केले, तर जिथं एकटाच आहे तिथं फिकट, आणि जिथं दोघंही आहेत तिथं गडद."

बनाबाईनं पट्ट्याकडं बघितलं. मग अनिताकडं. "म्हंजी माझी वाट त्या दोघांनीच काढली?"

"त्यांनीच. मी तर फक्त चिडले होते."

बनाबाई एवढ्या मोठ्यानं हसली, की जीपवाल्यानं वळून बघितलं.

वाघजाईच्या सभामंडपात सतरंज्या टाकलेल्या होत्या. सरपंच राजलक्ष्मीताई खुर्चीत बसून कागदानं वारा घेत होत्या. सभा सुरू व्हायच्या आधीच दमल्यासारख्या. नकाशा दोन खिळ्यांना लावला. पुढं येऊन पहिल्यांदा उभे राहिले ते रणजितराव, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात दोन फोन.

"आमचा रंग का उडालाय? शाई संपली का बारामतीत?"

"क्रम तोच आहे," अनिता म्हणाली. "थोरली पाती वर, धाकटी तिच्या खाली. नारळाला धक्का लावलेला नाही."

"तेवढं ठीक हाय," मागून झुंबरतात्या काठी टेकत आले. "पर ह्यो मधी काळवंडलेला पट्टा कसला?"

"ती आमची जागा," रणजितराव म्हणाले.

"कुणाची? आरं, मी सोता फिरलोय फोन घिऊन. ह्या खांबापासनं त्या चारीपतुर."

"मग मी काय झोपलो हुतो? मी बी फिरलोय."

"तू जीपमधनं फिरलास!"

"तात्या, तुमी बी चार जागी बसून बिडी वडलीत. त्या रेघंत दिसतंय!"

अनिताच्या डोक्यात सकाळपासून साचलेलं सगळं एकदम वर आलं.

"दोघंही फिरलात!" ती ओरडलीच. "दोघंही फिरलात, आणि दोघांच्या फेऱ्या जशाच्या तशा काढल्यात. तुम्ही म्हणाला माझं, तेही म्हणाले माझं. तुम्ही दोघं जिथं एकाच जागेवर उभे आहात, तिथं ते गडद दिसतंय. हा पट्टा मी काढलेला नाही. कॉम्प्युटरनं काढलेला नाही. तुम्ही दोघांनी आपल्या पायांनी चालून काढलाय. आणि त्याच्या खाली नीट बघा, बारीक रेघ आहे. ती वाट आहे. तुमच्या दोघांच्या आधीची."

मंडपात मागं कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कुणीतरी. राजलक्ष्मीताईंनी वारा घ्यायचं थांबवलं आणि त्या उठून नकाशापाशी आल्या.

"म्हणजे एकच जागा दोघांची," त्या म्हणाल्या. "बरं. रणजितराव, ही तात्यांना देऊ?"

"आजिबात न्हाय!"

"तात्या, रणजितरावांना देऊ?"

"मी मेल्यावर!"

"मग असं करू. सरकारी मोजणी बोलावू. होऊन जाऊ दे एकदा, सगळ्याच बांधांची."

सगळ्याच बांधांची, म्हटल्यावर रणजितरावांनी खिशातला एक फोन काढून बघितला आणि परत ठेवला. तात्यांनी काठीनं सतरंजीची सुरकुती सपाट केली. ह्या एका वाटेवर भागत होतं. सगळ्या बांधांवर कुणाकुणाच्या किती सऱ्या सरकल्यात, हे दोघांनाही तोंडपाठ होतं.

"मोजणी कशाला," तात्या शेवटी रणजितरावांकडं काठी करत म्हणाले. "त्येच्या घशात जाण्यापरीस रस्ता झालेला परवडला. सोडली मी."

"व्हय?" रणजितराव उसळले. "मग आमी बी सोडली. आन् आमी आधी सोडली."

"आरं, मी आधी म्हणलो!"

"म्हणला आसशीला. पयला मान थोरल्या पातीचा हाय. यात्रंत बी, हितं बी. जमीन सोडायची तर आधी आमी सोडणार, मग तुमी सोडा."

"तोंडातनं शब्द माझ्या आधी निगाला, मान तुजा कसा?"

अनितानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. सकाळी ज्या जागेवरचा रंग हलला तर ही माणसं दुकानावर येतील असं मालकाला वाटत होतं, तीच जागा आपण आधी दिली म्हणून ती आता एकमेकांच्या अंगावर जात होती.

"भाऊसाहेब, लिहा," राजलक्ष्मीताई ग्रामसेवकाला म्हणाल्या. "दोन्ही पातींनी एकाच दमात जागा सोडली. बनाबाईची पाणंद यंदाच्या यादीत. ऊस तुटला की मुरूम. आणि आता जो कोण आधी-नंतर काढील, त्याच्या बांधाची मोजणी मी आधी बोलावीन."

बनाबाई एवढा वेळ खांबाला टेकून बसली होती. ती उठली, नकाशापाशी गेली आणि सडकेच्या टोकावर बोट ठेवलं. गडद पट्ट्यावरून बोट हळूहळू चालत गेलं. एका वळणावर थोडं थांबलं, दुसऱ्या वळणावर पुन्हा, आणि विहिरीपाशी पोचलं. तिचे ओठ हलत होते, पण गाणं ऐकू येत नव्हतं.

अनिताचा फोन वाजला. कुंडलिकराव. मागं आता पंगतीचा गलका होता.

"कुलूप काढलं नाहीस ना?"

"नाही."

"भांडणं झाली?"

"झाली."

"कशावरनं?"

"जमीन आधी कुणी सोडली, यावरनं."

"अनिता," कुंडलिकराव जपून म्हणाले, "उन्हात फिरलीस का ग आज?"

तिनं फोन ठेवला आणि नकाशा गुंडाळायला घेतला. तेवढ्यात रणजितराव घाईनं पुढं आले. "मॅडम, आता नवा नकाशा करताय तर वाट वर काढा, आमचं काय म्हणणं न्हाय. पर तिची डावी कड आमच्या रंगाची पायजे. जागा आमी सोडलीय, दिसाया नको का?"

"मग उजवी कड आमच्या रंगाची," तात्या मागून म्हणाले. "आन् जरा जाड."

"जाड कशापायी? डावी बी तेवढीच जाड!"

अनितानं गुंडाळी काखेत धरली आणि हताश होऊन बनाबाईकडं बघितलं. ऊस तुटेपर्यंत दिवाळी उजाडणार होती. तोवर क्रेट डोक्यावरूनच जाणार होता, पाला तोंडाला लागणारच होता. बनाबाईनं दोडक्यांची पिशवी उचलली आणि अनिताच्या हातात दिली.

"काढ बाई, म्हणत्यात तर काढ," ती म्हणाली. "दोन्ही कडा जाड काढ. मधनं टेंपो जाईल एवढी जागा ठेव, म्हंजी झालं."